पोलने धुतलेल्या काचेवर ठिपके का राहतात? विसळण्याचा नीट क्रम

पाणी शुद्ध केलेलं, शुद्ध करणाऱ्या मशीनवरचा क्षारांचा मीटर शून्य दाखवतोय, ब्रश नवा, आणि तरीही खिडकी वाळली की काचेवर पांढुरके ठिपके. पोल म्हणजे टोकाला ब्रश असलेला लांब दांडा. शुद्ध पाणी पाईपाने ब्रशपर्यंत जातं आणि जमिनीवरूनच खिडकी धुता येते. पोलवर नव्याने काम करणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते आणि सगळे दोष पाण्याला देतात. मी पुण्यात सोसायट्या, दवाखाने आणि शोरूमच्या काचा धुतो. माझा अनुभव असा की पाणी बहुतेक वेळा ठीक असतं, चुकलेलं असतं ते विसळणं. घासायला लोक वेळ देतात, मेहनत घेतात, आणि विसळताना मात्र भांड्यावरून नळाची धार फिरवल्यासारखं दोनदा पाणी फिरवून पुढच्या खिडकीकडे जातात.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. काच कशी दिसणार ते तिच्यावर शेवटी वाळणाऱ्या पाण्यावर ठरतं. वायपरने काम करताना आपण पाणी ओढून काढतो. पोलच्या कामात पुसणं नाही. जे पाणी काचेवर राहिलं ते तिथेच वाळणार, आणि त्यात जे काही असेल ते काचेवर सोडून जाणार. त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नासाठी आहेत: या काचेवर शेवटचा थेंब कुठून येणार?

पायरी १ : पाणी मोजा, पण ब्रशपाशी

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतं. प्यायला उत्तम असलेलं हे पाणी काचेसाठी वाईट. हिशोब सोपा आहे. पाच फूट बाय चार फूट खिडकीवर विसळून झाल्यावर समजा पाच चमचे, म्हणजे २५ मिलिलिटर पाणी राहिलं. ते ४०० पीपीएमचं (म्हणजे लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षारांचं) असेल तर वाळल्यावर काचेवर १० मिलिग्रॅम क्षार उरतात. चिमूटभरही नाहीत, पण ते सारखे पसरत नाहीत. थेंब वाळताना क्षार त्याच्या कडेला जमतात, आणि म्हणून प्रत्येक थेंबाच्या जागी एक बारीक गोल कडं उमटतं. ऊन तिरपं आलं की अशी शेकडो कडी एकदम दिसतात.

शून्य पीपीएम हे लक्ष्य ठेवा. १० पर्यंत काम निभतं. त्यापुढे गडद काचेवर आणि काळ्या फ्रेमवर डाग दिसायला लागतात.

पुण्याच्या उपनगरांत एकाच सोसायटीच्या टाकीत महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं, अशी तिन्ही पाणी मिसळलेली असतात. मागच्या महिन्यात या टाकीचं पाणी किती होतं, याला आज काही अर्थ नाही. दर वेळी मोजा.

घरच्या आरओचं पाणी चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही चालत. पुष्कळ घरगुती मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते. काचेसाठी आरओनंतर डीआय रेझिनची, म्हणजे पाण्यातले क्षार शोषून घेणाऱ्या बारीक दाण्यांची, टाकी लागते. आरओ बहुतेक क्षार काढतो, उरलेले रेझिन काढतं. थेट रेझिनवरही शून्य मिळतं, पण ५०० पीपीएमचं पाणी सोडलं तर रेझिन झपाट्याने संपतं. आरओने तेच पाणी २५ वर आणून दिलं तर तेवढंच रेझिन साधारण वीसपट पाणी देतं. बोअरच्या पाण्यावर काम करणाऱ्याने आरओचा खर्च टाळू नये. आरओच्या आधी गाळाचा आणि कार्बनचा फिल्टर हवाच, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आरओचा पडदा खराब करतं.

आता मोजण्यातली चूक. मशीनच्या तोंडाशी शून्य आलं म्हणजे ब्रशपाशी शून्य आलं, असं नसतं. आठ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या ५० मीटर पाईपात साधारण अडीच लिटर पाणी मावतं. काल त्या पाईपातून कोणी साधं पाणी वापरलं असेल तर सकाळचे पहिले अडीच लिटर तेच. रेझिनची टाकी रात्रभर उभी राहिली की पहिल्या पाण्याचा टीडीएसही चढलेला असतो. म्हणून पाईप आणि पोल जोडा, पाणी चालू करा, ब्रश बादलीत धरून दोन-तीन मिनिटं वाहू द्या आणि मग मोजा. मीटरचं टोक आणि त्याची टोपी आधी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, नाहीतर टोपीत सुकलेले जुने क्षारच मोजले जातील.

*तपासा:* ब्रशमधून आलेलं पाणी ० ते १० पीपीएम. एक लिटरची बाटली अर्ध्या मिनिटात भरते का तेही बघा. मिनिटाला दोन लिटरच्या आसपास प्रवाह नसेल तर विसळताना धार तुटते.

*सावधान:* टीडीएस मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो. सिलिका, म्हणजे पाण्यात विरघळलेला वाळूचा अंश, त्याला जवळजवळ दिसत नाही, आणि रेझिन संपत आलं की आधी सुटते ती सिलिकाच. मीटर २-३ दाखवतोय आणि तरी ठिपके येतायत, पाण्याला माशासारखा उग्र वास आहे, तर रेझिन बदला. मीटर दहावर जायची वाट बघू नका.

पायरी २ : इमारतीला एक फेरी मारा

पोल उचलण्याआधी पाच-दहा मिनिटं मान वर करून इमारतीभोवती फिरा. माणसं शोधतात कचरा. तुम्ही पाणी शोधा: काचेवर वरून काय ठिबकू शकतं?

छज्जा सगळ्यात त्रास देतो. त्यावर साठलेली धूळ आणि कबुतरांची घाण ओली झाली की अर्धा-पाऊण तास गढूळ थेंब खाली सोडत राहते. छज्जाच्या सिमेंटमधून पांढरे क्षार फुटलेले असतील तर तेही उतरतात. ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंड्या, एसीचा पाणी सोडणारा पाईप, वाळत घातलेले कपडे हे सगळं त्याच यादीत. कुंड्या आणि कपडे आदल्या दिवशी काढायला सांगा, एसी तेवढा वेळ बंद ठेवायला सांगा. सोसायटीच्या फलकावर ‘उद्या सकाळी ८ ते १२ खिडक्या बंद ठेवाव्यात’ एवढी एक ओळ पुरते. ती नसेल तर एखाद्याच्या गादीवर पाणी जातं आणि अख्खं काम अंगाशी येतं.

आपल्याकडच्या स्लायडिंग खिडक्या पाणी आत घेतात. खालच्या ट्रॅकला बाहेर पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असली की ट्रॅक भरतो आणि पाणी खोलीत उतरतं. शक्य असेल तिथे रहिवाशांकडून आदल्या दिवशी आतून ट्रॅक साफ करून घ्या. जिथे ते जमलं नाही त्या खिडकीवर पाणी बेतानं सोडा, आणि दोन तावदानं जिथे एकमेकांवर येतात त्या फटीवर जेटची, म्हणजे ब्रशमधल्या पाणी सोडणाऱ्या तोंडाची, धार थेट मारू नका.

*सावधान:* विजेच्या तारा. पोल पूर्ण उघडून उभा केल्यावर तो कुठल्याही बाजूला कोसळला तरी तारेला लागणार नाही, एवढं अंतर मिळत नसेल तर ती बाजू पोलने करू नका. कार्बन फायबरचा पोल वीज वाहतो. हलका आहे म्हणून आपण तो बेफिकिरीने फिरवतो, म्हणून हे जास्त कळकळीने सांगतो. खाली कोन लावा, ये-जा अडवा, ओल्या फरशीची पाटी ठेवा.

उन्हाचा अंदाजही याच फेरीत घ्या. तापलेल्या काचेवर घासून सुटलेला मळ विसळण्याआधीच वाळतो आणि पुन्हा चिकटतो. सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारनंतर पूर्वेची. एप्रिल-मे मध्ये मी दुपारी पोल उचलतच नाही. रणरणत्या उन्हातल्या काचेवर एकदम गार पाणी पडलं तर काच तडकायचीही भीती असते.

वारा असेल तर ज्या बाजूने वारा येतो तिथून सुरुवात करा. म्हणजे उडालेले घाणेरडे तुषार अजून न धुतलेल्या खिडक्यांवर पडतील. उभ्या ओळीत अर्थातच वरच्या मजल्यापासून खाली.

पायरी ३ : काच ओली करा आणि तिचा स्वभाव ओळखा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. एका खिडकीवर वरून पाणी सोडा, घासू नका, आणि दहा सेकंद बघा.

काही काचांवर पाणी पातळ पडद्यासारखं पसरतं आणि एकसंध खाली उतरतं. अशी काच पाणी धरते. काही काचांवर पाणी लगेच तुटतं, थेंब-थेंब होतं, मधे कोरडी बेटं पडतात. अशी काच पाणी झटकते. काचेभोवतीच्या नव्या रबराचं आणि सिलिकॉनचं तेल काचेवर उतरलं असेल, कोणी काच चमकवायचा स्प्रे मारला असेल, किंवा मुळात तसा लेप असेल तर काच झटकणारी होते. एकाच इमारतीत दोन्ही सापडतात, कारण फुटलेल्या काचा वेगवेगळ्या वर्षी बदललेल्या असतात.

या दोन काचा एकाच पद्धतीने विसळल्या तर एक तरी बिघडणारच. पद्धत सहाव्या पायरीत आहे. आत्ता फक्त कोणती खिडकी कशी आहे ते लक्षात ठेवा. मी नवीन मुलांना खडूने खाली भिंतीच्या कडेला खूण करायला सांगतो.

*तपासा:* काचेवर सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे थेंब, बोअरच्या पाण्याचे जुने पांढरे डाग आहेत का? हे शुद्ध पाण्याने निघत नाहीत. आधीच फोटो काढा, ग्राहकाला दाखवा. नंतर ते डाग तुमच्या नावावर जमा होतात.

पायरी ४ : वरची चौकट आधी, आणि तिला निथळू द्या

सगळ्यात जास्त खिडक्या इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिल्या वर्षी मी एका तीन मजली दवाखान्याच्या खिडक्या धुतल्या. सकाळी नऊला काम संपलं, काचा आरशासारख्या होत्या. अकरा वाजता फोन आला. जाऊन बघतो तर प्रत्येक खिडकीवर वरच्या कडेपासून निघालेले दोन-तीन करडे ओघळ, काही अर्ध्यावर थांबलेले, काही पार खालपर्यंत. पाण्याचा टीडीएस शून्य होता. मी अख्खी दुपार एक खिडकी पुन्हा ओली करून तिच्यासमोर शिडीवर थांबलो.

काच विसळून झाल्यावर चार-पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग वरच्या रबराच्या खालच्या कडेला, कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर, एक थेंब दिसायला लागला. आधी नुसती ओली चमक, मग मोहरीएवढा, मग ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्या पोटात काळी माती स्पष्ट दिसत होती. तो बराच वेळ तसाच लोंबकळला आणि मग एकदम सुटून स्वच्छ काचेवरून खाली गेला. त्याच्यामागे तिथेच दुसरा तयार व्हायला लागला. चौकट आणि रबर यांच्यामधल्या फटीत वर्षानुवर्षांची धूळ असते. ती स्पंजासारखी पाणी पिते आणि आपण निघून गेल्यावर सावकाश सोडते. काचेवर शेवटी वाळलेलं पाणी माझ्या मशीनचं नव्हतं, त्या फटीचं होतं.

तेव्हापासून पहिल्यांदाच धुतल्या जाणाऱ्या इमारतीवर मी काम दोन फेऱ्यांत करतो.

पहिल्या फेरीत फक्त चौकटी. वरची आडवी चौकट ब्रशने पुढे-मागे घासा, मग ब्रश थोडा वर तिरका धरून जेटची धार रबराच्या रेषेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्या. खाली येणारं पाणी आधी काळं असेल. ते नितळ होईपर्यंत तीन-चार वेळा. मग दोन्ही उभ्या चौकटी वरून खाली. काचेकडे अजिबात लक्ष देऊ नका, ती घाण होणारच आहे. अशी एक उभी ओळ, मग शेजारची उभी ओळ.

मग पहिल्या ओळीकडे परत या. मधे दहा-पंधरा मिनिटं गेलेली असतात आणि फटीतलं जे निथळायचं ते बहुतांश निथळलेलं असतं. आता काच. या फेरीत वरच्या चौकटीला ब्रश लावायचा नाही आणि तिच्यावर पाणीही मारायचं नाही. काचेच्या वरच्या कडेपासून दोन बोटं खाली सुरुवात करा. हा नियम माणसं सवयीने मोडतात. घासता घासता ब्रश वर जातो, रबराला टेकतो, आणि फट पुन्हा पाणी पिते.

जिथे दर महिन्या-दोन महिन्यांनी काम असतं तिथे चौकटी फारशा भरलेल्या नसतात, तिथे दोन फेऱ्यांची गरज नाही. तरीही क्रम तोच: आधी वरची चौकट, मग काच.

जुन्या ॲल्युमिनियमच्या चौकटींवर बोट फिरवून बघा. करडी पूड बोटाला लागली तर चौकट गंजून पूड सोडते आहे. तिला जितकं घासाल तितकी ती पूड देत राहील. अशा चौकटीवर हलका हात, भरपूर पाणी. आणि ग्राहकाला आधीच सांगा की पहिल्या दोन धुण्यांत ओघळ पूर्ण जाणार नाहीत.

*सावधान:* वर छज्जा असेल तर तो एकतर पहिल्या फेरीत पूर्ण धुवा, नाहीतर त्याला थेंबभरही पाणी लावू नका. अर्धवट ओला छज्जा सगळ्यात वाईट. कबुतरांची वाळलेली घाण असेल तर आधी भिजवा आणि तोंडाला मास्क लावा, तिची धूळ श्वासात जाणं धोक्याचं आहे.

पायरी ५ : घासणं

यावर फार लिहायची गरज नाही, हे सगळ्यांना येतं. ब्रश आडवा, वरून खाली, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत. दाब कमी ठेवा. जोराने दाबलं की केस वाकून आडवे होतात आणि टोकं काचेला लागतच नाहीत. माश्यांचे ठिपके आणि चिकट डाग यांवर ब्रश जागीच थोडा गोल फिरवा. चारही कोपरे दोनदा करा.

साबण, शाम्पू, डिटर्जंट पाण्यात घालू नका. त्याचा अंश रबराच्या फटीत बसतो आणि नंतर कित्येक धुणी फेस देत राहतो. आधीचा माणूस साबणाने धुऊन गेला असेल तर पहिल्या एक-दोन वेळा तुमच्या शुद्ध पाण्यानेही काच डागाळलेली दिसेल, त्याला इलाज नाही.

*तपासा:* पोल खाली घ्यायच्या आधी, शेवटच्या घासण्यानंतर ब्रशचे केस स्वच्छ आहेत का? काळं पाणी गळत असेल तर ब्रश भिंतीपासून लांब धरून झटका. घाणेरड्या ब्रशने विसळणं म्हणजे खरकट्या हाताने ताट विसळणं.

पायरी ६ : विसळणं

*पाणी धरणारी काच.* ब्रश काचेपासून तीन-चार बोटं उचला, जेट काचेच्या वरच्या कडेच्या जरा खाली लागतील असे धरा. एका टोकापासून सुरुवात करून आडवे सावकाश न्या. पाण्याचा पडदा खाली उतरताना दिसला पाहिजे. पडदा खालच्या कडेला पोचला की मगच हाताचं अंतर सरका. अशा काचेवर बारीक धारेचे जेट चांगले, कारण काच स्वतःच पाणी पसरवते. दोन फेऱ्या पुरतात: पहिली मळ नेते, दुसरी पहिलीचं पाणी नेते. दुसरी फेरी लोक वाचवतात, आणि ठिपके तिथेच राहतात. पहिल्या फेरीनंतर काचेवर जे पाणी असतं ते शुद्ध नसतं, मळलेलं शुद्ध पाणी असतं.

*पाणी झटकणारी काच.* इथे बारीक धार काचेवर आपटते, तिचे दोन बाजूंना थेंब होतात आणि मधली जागा तशीच राहते. पंख्यासारखी रुंद धार देणारे जेट लावा. ते नसतील तर ब्रश काचेवरून उचलूच नका. केस हलके टेकवून वरच्या कडेजवळ सावकाश आडवे न्या, म्हणजे केसांमधून पाणी सगळीकडे सारखं उतरेल. मग हातभर खाली, पुन्हा आडवं, असं खालपर्यंत. शेवटी ब्रश उचलून वरून एकदा सलग धार. या काचेवर थेंब राहणारच, ते राहिले म्हणून घाबरू नका. थेंब शुद्ध पाण्याचे असतील तर वाळल्यावर काही उरत नाही. म्हणूनच अशा काचेला पाणी जास्त द्यावं लागतं, जवळपास दुप्पट वेळ.

दोन्हींत एक चूक समान आहे: मधून सुरुवात. समोर दिसणाऱ्या डागावर माणूस आधी धार मारतो, मग वर जातो. वरचं मळलेलं पाणी पुन्हा त्या जागेवरून उतरतं. विसळताना हात फक्त खाली येतो. वर जायचं असेल तर अख्खी खिडकी पुन्हा वरपासून.

दुसरी चूक घाईची. पोल जितका लांब तितका तो वाकतो आणि ब्रशचं टोक आपल्या हाताच्या मागून येतं. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर खालून हात भरभर हलवला तर वर ब्रश झोकांड्या खातो आणि काचेचे पट्टे सुटतात. हात निम्म्या वेगाने फिरवा. माझं ढोबळ माप असं आहे: जितका वेळ घासलं, किमान तितकाच वेळ विसळायचं. पहिल्यांदा धुताना त्याहून जास्त.

*तपासा:* खिडकी सोडण्याआधी खालच्या कडेवरून पडणारं पाणी बघा. त्यात बुडबुडे किंवा रंग दिसला तर अजून एक फेरी.

पायरी ७ : खालची कड आणि सिल

खिडकीखालच्या दगडी सिलवर धूळ असते. विसळताना पाणी तिच्यावर आपटतं आणि गढूळ शिंतोडे काचेच्या खालच्या वीतभर भागावर उडतात. वरचं तीन-चतुर्थांश तावदान लख्ख आणि खाली मातकट ठिपक्यांची रांग, हे चित्र ओळखीचं असेल.

म्हणून सिल काचेच्या आधी धुवायची, म्हणजे चौकटीच्या फेरीतच. काच विसळून झाल्यावर तिला ब्रशने हात लावायचा नाही. काच संपवताना धार काचेच्या खालच्या कडेवर न मारता कडेच्या वर हातभर मारा आणि पाणी स्वतःहून उतरू द्या. मग शेवटची हलकी धार काचेला चिकटून, डावीकडून उजवीकडे, आणि पोल सरळ बाहेर. कित्येक जण इथे पाणी बंद न करता पोल खिडकीसमोरूनच वर-खाली हलवत दुसरीकडे नेतात. ब्रशच्या पाठीवर साठलेलं काळं पाणी तेव्हा काचेवर गळतं.

ग्रिल बाहेरून असेल तर खरं सांगायचं तर पोलने पूर्ण काम होत नाही. गजांमधून धार आत जाते, पण गजांवरची धूळ आणि गंज काचेवर येतो. अशा खिडक्या आतून हाताने करायचं ठरवा आणि दरही तसाच सांगा.

पायरी ८ : पहिली खिडकी वाळू द्या

अख्खी बाजू करून मग बघू, असं करू नका. पहिल्या एक-दोन खिडक्या पूर्ण करा आणि त्या वाळेपर्यंत तिथेच इतर चौकटी धुवा. थंडीच्या सकाळी अर्धा तास लागतो, उन्हाळ्यात दहा मिनिटंही पुरतात. पावसाळ्यातल्या दमट दिवशी तासभर लागू शकतो, त्या दिवशी घाईने निकाल काढू नका. शक्य असेल तर आतूनही बघा, उजेडाच्या विरुद्ध.

डाग दिसले तर ते कुठे आणि कसे आहेत यावरून कारण कळतं. पूर्ण काचेवर सारखी विखुरलेली बारीक पांढरी कडी असतील तर पाण्याचा दोष, पायरी १ कडे परत. वरच्या कडेपासून निघालेले ओघळ असतील तर चौकट निथळलेली नाही. फक्त खालच्या वीतभर भागात मातकट ठिपके म्हणजे सिलचे शिंतोडे. उभे, समांतर, धुरकट पट्टे दिसले तर विसळताना हात भरभर गेला आणि मधली जागा सुटली. एकाच कोपऱ्यात डाग असेल तर तिथे वर काहीतरी ठिबकतंय. नळी, कुंडी, एसी शोधा. आणि काच ओली असताना न दिसणारा, वाळल्यावर पांढरा दिसणारा, बोटाने पुसला तरी न जाणारा डाग म्हणजे काचेत मुरलेला जुना क्षार. तो तुमच्या धुण्याने आलेला नाही आणि तुमच्या धुण्याने जाणारही नाही.

बिघडलेली खिडकी फडक्याने पुसू नका. एक ठिपका पुसायला जाल आणि त्याभोवती फडक्याचा ओरखडा दिसेल. वरच्या चौकटीला पाणी न लावता पूर्ण काच पुन्हा विसळा.

पायरी ९ : काम संपल्यावर

पोलमधलं आणि पाईपमधलं पाणी काढून टाका. ब्रश शुद्ध पाण्यानेच धुवा आणि केस खाली करून टांगा, केसांवर उभा ठेवला की ते कायमचे वाकतात. पाणी साठवायची टाकी झाकणाची आणि उजेड आत न जाणारी हवी, पारदर्शक टाकीत शेवाळ धरतं. पत्र्याच्या किंवा गंजलेल्या टाकीत शुद्ध पाणी ठेवू नका, ते धातूचे अंश उचलतं.

रेझिनची टाकी दोन्ही तोंडं बंद करून सावलीत ठेवा. रेझिन ओलं राहिलं पाहिजे, पूर्ण सुकलं तर खराब होतं. टाकीवर एक चिकटपट्टी लावून तारीख, आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस रोज लिहा. बाहेरचा आकडा बरेच दिवस शून्यावर टिकतो आणि एकदा चढायला लागला की एका दिवसात वर जातो. त्यामुळे पट्टीवर पहिल्यांदा ३ किंवा ४ लिहावं लागलं, त्याच संध्याकाळी नवीन रेझिन भरून ठेवा.

आरओमधून वाया जाणारं पाणी फेकू नका. ते जास्त क्षारांचं असतं, काचेला चालत नाही, पण पार्किंगची फरशी धुवायला चालतं. फक्त ती फरशी खिडक्यांच्या आधी धुवा, नाहीतर तळमजल्याच्या काचांवर त्याचे शिंतोडे जातील.